तळघरातली बरणी

रोज सकाळी जिना उतरता उतरता धाकटी त्या दिवसाची वाक्यं तयार करायची. वरच्या वळणावर अभिवादनाचं, मधल्या वळणावर हवापाण्याचं आणि खालच्या दाराशी येईपर्यंत एखादं अडीनडीचं, “हे मला पुन्हा एकदा दाखवाल का?” असं काहीतरी. परक्या भाषेतली ती वाक्यं ओठातल्या ओठात घोळवायची, शब्द जागच्या जागी बसले की दाराची कडी काढायची. तळमजल्यावर कुत्रं पाळलेले एक आजोबा राहायचे. त्यांची पक्की समजूत होती की ही मुलगी जप करते, म्हणून जिन्यात समोरासमोर आले की ते कुत्र्यासकट भिंतीला चिकटून आदराने वाट द्यायचे. दिवसभरात पहिली दोन वाक्यं खर्ची पडायची. अडीनडीचं मात्र संध्याकाळी तसंच्या तसं घरी परत यायचं, डब्यात उरलेल्या घासासारखं.

घरी तिला सगळे धाकटीच म्हणत. ताई मोठी, मधला दादा, ही शेंडेफळ. बाबा एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. त्यामुळे फाटकी पुस्तकं घरात यायची आणि डिंकाची वाटी, पातळ कागद, जुनं फडकं घेऊन ती त्यांच्या पाठी सांधत बसायची. पण नातेवाइकांत तिचं नाव होतं ते कामाच्या उरकाबद्दल. आई शिवणयंत्रावर बसलेली असली की ओट्यावर काय पसरलंय हे आईच्या तोंडून निघायच्या आत धाकटीने आवरलेलं असायचं. आत्या येईल तेव्हा म्हणायची, “हिला सांगावं लागत नाही हो. आमच्याकडे घसा फोडला तरी कुणी जागचं हलत नाही.” आणि मग हसून पुढचं, “फक्त हिच्या हातात काही ठेवू नका. घासणी आहे नुसती. घासूनच परत देईल.”

घासणी हे नाव तिला आवडायचं नाही. पण ‘हिला सांगावं लागत नाही’ हे तिने पदकासारखं छातीवर लावून घेतलं होतं, आणि ते लावूनच ती परदेशी आली होती.

जुने कागद, हस्तलिखितं, नकाशे दुरुस्त करायला शिकवणारी ती कार्यशाळा होती. बाहेरून आलेल्यांसाठी तिथे मोजक्या जागा असत आणि पहिलं सत्र चाचणीचं असे. सत्र संपताना कार्यशाळेच्या बाई एकेकाला बोलावून सांगत, राहा किंवा जा. जा म्हटलं की तिथे राहायचा परवानाही संपला, खोलीही गेली, थेट घरचा रस्ता. अपील वगैरे काही नाही. घरी आत्याने तर आख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं होतं की आमची धाकटी आता राजेरजवाड्यांचे कागद दुरुस्त करणार.  बाबांनी निघताना फक्त तिच्या बॅगेची चेन दोनदा ओढून बघितली होती. त्यामुळे परत जायचं म्हणजे नक्की कुणाकुणाच्या चेहऱ्यासमोर उभं राहायचं, याची तिला रोज उजळणी व्हायची.

कार्यशाळा एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होती. उत्तरेकडे उंच खिडक्या, म्हणजे ऊन थेट कागदावर येणार नाही. लांबलचक टेबलं, त्यातलं एक खालून उजेड येणारं. भिंतीवर ब्रश उलटे टांगलेले, रुंदीप्रमाणे ओळीने. टिपकागदांची चळत, त्यावर वजनं. ओल्या कागदाचा आणि शिजलेल्या पिठाचा मिळून एक वास, जो संध्याकाळी केसांत घेऊन ती घरी जायची. बाई साठीच्या पुढच्या, केस कापलेले, ॲप्रनच्या खिशात कागदाच्या घड्या दाबायची हाडाची पट्टी. बोलणं जेवढ्यास तेवढं. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना एकच सूचना दिली होती, ज्या वस्तूला हात लावायचा असेल तिच्याबद्दल आधी विचारा. बस्स. नियमांचा फलक नाही, काही नाही. त्या टेबलांमधून फिरत, खांद्यावरून वाकून बघत आणि “ठीक” म्हणून पुढे जात.

त्या ‘ठीक’ने धाकटीचा जीव खाल्ला. घरी कसं, चांगलं झालं तर आई “बरी झालीय हं शिलाई” म्हणायची आणि वाईट झालं तर उसवून अंगावर टाकायची. माणूस कुठे उभं आहे ते कळायचं. इथे चांगल्याला ठीक, वाईटालाही ठीकच असावं. ती त्या शब्दाचा सूर लक्षात ठेवून घरी न्यायची आणि खोलीतल्या मैत्रिणीसमोर वाजवून दाखवायची. ही मैत्रीण तिच्याच भाषेची, दातांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेणारी. धाकटीने मनातल्या मनात तिचं नाव दातवाली ठेवलं होतं.

“परत म्हण,” दातवाली म्हणायची. धाकटी पुन्हा “ठीक” म्हणायची, बाईंसारखी मान खाली घालून.

“हे ठीकच आहे गं. यात काहीच नाहीये. तू उगाच त्याला एक्स-रेखाली धरतेस.” आणि मग व्यवसायाला धरून, “तू झोपेत दात खातेस, माहितीये? काल किती करकर. कोणाला चावून खातेस एवढं? झिजतील.”

हाक मारायचीही पंचाईत. तिथे सगळे बाईंना नुसत्या नावाने हाक मारत. त्यांच्या नातवाच्या वयाची मुलंसुद्धा. धाकटीच्या जिभेला ते वळेना. आईच्या वयापेक्षा मोठ्या बाईला एकेरी नावाने हाक मारायची म्हणजे रुमाल न धरता कुणाच्या तोंडावर शिंकण्यासारखं वाटे. मग तिने मधला मार्ग काढला. हाकच मारायची नाही. बाईंच्या टेबलाशी जाऊन उभं राहायचं आणि त्या वर बघेपर्यंत थांबायचं. बाई कामात बुडालेल्या असत. कधी कधी बराच वेळ तसाच जायचा, आणि मग धाकटी काही न विचारता आपल्या जागेवर परत यायची. तिच्या शेजारच्या टेबलावर एक ताडमाड उंच मुलगा होता. तो एकदा म्हणाला, तू बाईंच्या बाजूला उभी राहून काय बघत असतेस, हवामान?

चहाचंही तसंच. पहिल्या दिवशी उंचाने विचारलं होतं, चहा हवा का. ती सवयीने “नको” म्हणाली, दुसऱ्यांदा आग्रह होईल म्हणून वाट बघत. आग्रह झाला नाही. त्या दिवसापासून सगळ्यांचा चहा व्हायचा आणि हिच्या टेबलावर पाण्याची बाटली. बरेच आठवडे ती त्या वाफेचा नुसता वास घेत होती. शेवटी दातवालीने खडसावलं, अगं मग माग ना, तोंड आहे ना तुला. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या तिन्ही वळणांवर तिने तेच एक वाक्य घोकलं आणि चहा मिळवला. त्या दिवशी घरी फोनवर आईला सांगताना तिने ते एवढं रंगवलं की आई म्हणाली, “एवढ्याशा चहासाठी एवढं रामायण? तिथं शिकवतात तरी काय तुम्हाला?”

शिकायला मात्र होतं, आणि पुढचा मोठा लोभही होता. पहिल्याच आठवड्यात बाईंनी सगळ्यांना एक गुंडाळी दाखवली होती. एका नदीचा जुना नकाशा. उगमापासून मुखापर्यंत, माणसाच्या उंचीपेक्षा कितीतरी लांब, हाताने रंगवलेला. त्याचं जुनं अस्तर कडक होऊन जागोजागी तडकलं होतं, उलगडला तर मोडेल अशी अवस्था. त्यांनी फक्त एक कोपरा हळूच उघडून दाखवला. तिथे नदी वळत होती आणि पाण्यावर नखाएवढ्या होड्या होत्या, प्रत्येक होडीत एकेक माणूस. पुढच्या सत्रात जे राहतील ते यावर काम करतील, बाई म्हणाल्या. धाकटीने त्या कोपऱ्याचा फोटोही काढला नाही. डोळ्यांत ठेवला.

पाळीपाळीने एकेकाकडे आठवड्याच्या शेवटी कार्यशाळेची सफाई असायची. टेबलं पुसणं, ब्रश धुणं, मोरी घासणं. धाकटीची पाळी आली तेव्हा बाकीचे लवकर निघून गेले होते. तिने टेबलं केली, ब्रश केले, मोरी तर अशी घासली की तिच्यात तोंड दिसावं. आणि तरी दिवस शिल्लक होता. ती तळघरात उतरली. तळघर सफाईच्या कामात नव्हतंच, पण घरी कुठलं काम कशात मोडतं हे कोण विचारत बसतं. दिसलं की करायचं.

तळघर थंड होतं, कोरड्या मातीचा वास. फळ्यांवर कागदांच्या थप्प्या, दोऱ्यांची रिळं. आणि अगदी खालच्या फळीवर, मागे, एक रुंद तोंडाची चिनी मातीची बरणी. तोंडाला फडकं सुतळीने बांधलेलं, सुतळीला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर पेन्सिलीने एक जुनं साल आणि पुसट झालेलं एक नाव. फडकं सोडलं आणि तिने नाकाला पदर लावावा तसा बाहीचा कोपरा लावला. वर पाणी साचलेलं, पाण्यावर हिरव्याकाळ्या बुरशीची साय, खाली पांढरट लगदा. गव्हाचा चीक. हा वास तिला ओळखीचा होता. आंबलेला चीक घरात ठेवायचा नसतो, एवढं तिला कळत्या वयापासून ठाऊक होतं. आणि हा तर कोणीतरी विसरून गेलेला, सालासकट. इतक्या वर्षांत कोणाच्या नजरेला कसा पडला नाही, याचं तिला नवल वाटलं आणि थोडी कीवही. तिने बरणी छातीशी धरून वर आणली, सगळं मोरीत ओतलं, भरपूर पाणी सोडलं, गरम पाण्याने आतून बाहेरून घासली. पुठ्ठ्याचा तुकडा ओला झाला होता, तो कचऱ्यात टाकला. बरणी स्वच्छ फडक्यावर उपडी घातली. आतून ती एवढी शुभ्र निघाली की जाताना तिने दारातून एकदा मागे वळून तिच्याकडे बघितलं.

त्या सुट्टीचे दोन्ही दिवस तिचे छान गेले.

सोमवारी बाई तळघरात गेल्या आणि लगेच वर आल्या. मोरीपाशी जाऊन त्यांनी ती उपडी बरणी उचलली, आत बघितलं आणि मधल्या टेबलावर आणून ठेवली. “हे कोणी केलं?” आवाज चढलेला नव्हता.

धाकटी उभी राहिली. तिला अजून वाटत होतं की हे कौतुकाचं असू शकतं. “मी.”

बाईंनी तिच्याकडे बघितलं. बघत राहिल्या म्हणावं एवढा वेळ. मग म्हणाल्या, “बरं,” आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या. पण त्यांनी ब्रश हातात घेतला नाही, खिडकीकडे तोंड करून बसल्या.

चहाच्या वेळी उंचाने तिला कोपऱ्यात घेऊन सांगितलं. ती खळ होती, कागद चिकटवायची. ताजी खळ सुकली की कडक होते, आणि गुंडाळायच्या कागदाला कडक अस्तर चालत नाही, तडकतं. म्हणून काही जण शिजवलेली खळ बरणीत घालून वर पाणी ठेवतात आणि थंड जागी मुरू देतात. दर हिवाळ्यात बुरशी काढायची, पाणी बदलायचं. दहा वर्षांनी तिचा चिकटपणा मवाळ होतो, कागद वळतो तसं अस्तर वळतं. ही बरणी बाईंच्या गुरूंनी भरली होती. ती भरल्यावर दुसऱ्याच वर्षी ते वारले. पाणी बाई बदलायच्या. आणि ती आत्ता कुठे तयार झाली होती, नकाशासाठी.

 धाकटीने मोरीकडे बघितलं. मोरी लखलखत होती.

त्या संध्याकाळी तिने दातवालीला सगळं सांगितलं तेव्हा दातवालीनेही विनोद केला नाही, यावरूनच तिला कळलं की प्रकरण किती वाईट आहे. दातवाली म्हणाली, उद्या जाऊन सरळ माफी माग. धाकटीने माफीची वाक्यं रचली, खोडली, पुन्हा रचली. सकाळी जिना उतरताना ती इतकी हळू उतरली की आजोबा भिंतीला चिकटून कंटाळले. बाईंच्या टेबलाशी ती उभी राहिली आणि त्या वर बघेपर्यंत हललीच नाही. मग सगळं बोलली. मला माहीत नव्हतं, पण मी विचारायला हवं होतं, मला फार वाईट वाटतंय. व्याकरण कुठेही चुकलं नाही.

बाई म्हणाल्या, “ते झालं.” आणि शिजायला ठेवलेल्या भांड्याकडे बोट करून, “आजपासून सकाळची खळ तू करायचीस.”

झालं म्हणजे काय झालं? तिचं जाणं ठरलं, असंच ना? घरी कोणी चुकलं की दोन दिवस तोफखाना चालायचा. आई बोलायची, बाबा भुवई उंचवायचे, दादा संधी साधून आपलं एखादं जुनं प्रकरण त्यात घुसडायचा, आणि मग कधीतरी आई ताट वाढताना “घे गं आता” म्हणायची. की संपलं. रागावणं हीच तर खूण होती की माणूस अजून घरातलं आहे. ज्याला कोणी रागवेनासं होतं त्याचं नाव कापलेलं असतं. दूरच्या एका काकांचं तसंच झालं होतं. त्यांच्याशी सगळे फार नीट बोलायचे.

बाई तिच्याशी नीट बोलत होत्या. रोज.

आणि रोज सकाळी ती चुलीपाशी. गव्हाचं सत्त्व पाण्यात भिजवून ठेवायचं, मग मंद आचेवर एकाच दिशेने ढवळत राहायचं. आधी दुधासारखं, मग एकाएकी जड, मग हळूहळू अर्धपारदर्शक. हात थांबला की गाठ, आच वाढली की तळ धरलाच. शिजल्यावर थंड करून चाळणीतून घासून काढायची. बाकीची मुलं तोवर टेबलांवर अस्तर चढवायला शिकत होती, पातळ कागद ब्रशवर उचलून फुंकरही न लागता खाली सोडायला. धाकटीची पाठ त्यांच्याकडे. तिला हे स्पष्टच दिसत होतं. टेबलावरून काढून चुलीला लावली. पुढच्या सत्रात जिला ठेवायचंच नाही तिला कशाला शिकवत बसायचं. बाई मधूनच येत, पळी उचलून खळ पडताना बघत, “अजून,” म्हणून जात. आता तर ‘ठीक’ही मिळेना.

फोनवर आईला काही सांगितलं नव्हतं. पण आईने आवाजावरून ताडलं.

“काय झालंय?”

“सर्दी आहे.”

“सर्दी नाकात असते. हे घशातलं आहे.”

धाकटीने विषय बदलला, बाबांच्या गुडघ्यावर नेला. आई गुडघ्याबद्दल बोलली, पण फोन ठेवताना तिने उगाचच सांगितलं की परत यावंसं वाटलं तर ये, खोली आहे तशीच आहे. धीर द्यायला म्हणाली असेल. धाकटीला मात्र ते असं लागलं की जणू घरीसुद्धा निकाल पोचला होता. ती फोन ठेवून कपाटाशी गेली आणि बॅग काढली. जाड कपडे तळाशी घालून ठेवले, नंतर गडबड नको. दातवाली बघत होती.

“बाईंनी जा म्हटलंय का?”

“म्हणेल ना.”

“विचारलंस?”

“असं विचारतात का? तोंडाने?”

“मग कशाने विचारतात?” दातवाली म्हणाली. “मला पेशंट विचारतो, दात राहील की जाईल? मी सांगते. तो विचारत नाही तोवर मला वाटतं, त्याला माहितीये.”

सत्र संपत आलं तसं तिला खाणं जाईना. रस्त्यात सिग्नलला उभी राहिली तरी हात गोल फिरायचा, ढवळल्यासारखा. हातालाच ते कळायला लागलं होतं. खळ जड कधी होणार हे डोळ्याच्या आधी मनगटाला समजायचं. एकदा तिने बाई यायच्या आधीच आच कमी केली, आणि बाई आल्या, पळी उचलून बघितली आणि तशाच पुढे गेल्या. ‘अजून’ही नाही. तिने याचा अर्थ लावायचं टाळलं. अर्थ लावून लावून ती थकली होती.

शेवटच्या दिवशी बाई एकेकाला आतल्या छोट्या खोलीत बोलवत होत्या. उंच बाहेर आला तो हसत, दाराची चौकट डोक्याला लागली तरी हसतच. मग आणखी दोघं. एक मुलगी रडत बाहेर आली आणि सरळ कोट घेऊन निघून गेली. धाकटीचं नाव कोणी घेतलं नाही. ती चुलीपाशी उभी होती, भांड्यात खळ थंड होत होती. आपल्याला आत बोलवण्याचीसुद्धा गरज नाही, इतकं ते उघड आहे, असं तिच्या मनात आलं.

सगळे गेल्यावर बाई आल्या. हातात ती बरणी. “भांडं घे,” म्हणाल्या, “खाली चल.”

तळघरात बाईंनी दिवा लावला. खालच्या फळीवर बरणीच्या जागी अजून धुळीचं गोल वर्तुळ होतं. बाईंनी बरणी धरली, धाकटीने खळ आत सोडली. एक थेंबही बाहेर पडला नाही. बाईंनी वरून स्वच्छ पाणी घातलं, फडकं बांधलं, सुतळीची गाठ मारली. खिशातून पुठ्ठ्याचा कोरा तुकडा काढून त्यावर साल घातलं आणि पेन्सिल तिच्यापुढे धरली. “नाव लिही. जो भरतो त्याचं असतं.”

धाकटीने पेन्सिल घेतली, पण लिहिलं नाही. जिन्यावर तयार केलेलं एकही वाक्य हाताशी नव्हतं. जे होतं ते तसंच बाहेर आलं.

“मी राहणार आहे की जाणार आहे?”

बाईंनी चष्मा काढला. “मला वाटलं तुलाच जायचंय,” त्या म्हणाल्या. “त्या दिवसापासून तू माझ्याकडे बघतही नाहीस. बाकीचे सगळे केव्हाच विचारून गेले, आमचं काय म्हणून. तू आली नाहीस.”

“तुम्ही मला रागावलाही नाहीत.”

“रागावले होते. फार. घरी जाऊन रागावले, माझ्या नवऱ्याला विचार.” बाई फळीला टेकल्या. “माझ्या गुरूंनी ती बरणी भरली तेव्हा मी भांडं धरलं होतं. इथंच. मला अजूनही वाईट वाटतं, आणि ते तुझ्या माफीने जाईल असं नाही. ते तू माझ्यावर सोड.”

धाकटीने मान हलवली. एवढ्या आठवड्यांनी कोणीतरी सरळ सांगितलं होतं, आणि ते लागलंही सरळ. डोळ्यांत पाणी आलं, तिने ते येऊ दिलं.

“राहा तू,” बाई म्हणाल्या. “पण नकाशा तुला देणार नाही. त्याला आता ताजी खळ पातळ करून वापरावी लागेल, ते जिकिरीचं काम आहे, चूक चालायची नाही. तो तुझ्या शेजारच्या टेबलावरचा आणि मी करू. तू पत्रांपासून सुरुवात कर, साध्या कागदांपासून.”

होड्यांचा तो कोपरा तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि तसाच राहिला. तिला वाटलं होतं, राहायला मिळालं की बाकी काहीच नको असेल. तसं नव्हतं. छातीवरून एक दगड उतरला होता आणि त्याच्याच खाली दुसरा होता, लहान, पण तिचा तिलाच वागवायचा.

“बरं,” ती म्हणाली. मग पुठ्ठा फळीवर ठेवून तिने नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. बाईंनी ते वाचायचा प्रयत्न केला, अडखळल्या, पुन्हा वाचलं. धाकटीने हळूच दुरुस्त केलं. बाईंनी पुठ्ठा सुतळीत ओवला.

“ही टिकेल का?” तिने विचारलं. “मला शेवटी जरा आच जास्त वाटली होती.”

“कोण जाणे,” बाई म्हणाल्या. “दहा वर्षांनी कळेल.”

बरणी मागे सरकवताना दोघींचे हात लागले. ती अगदी भिंतीला टेकवायची की थोडी जागा सोडायची यावर बाईंनी क्षणभर विचार केला आणि थोडी जागा सोडली, हवेसाठी. मग त्यांनी कंबरेवर हात ठेवून जिन्याकडे बघितलं. त्या पायऱ्या चढताना त्यांना त्रास व्हायचा, हे धाकटीने कधीच बघून ठेवलं होतं. तिने रिकामं भांडं काखेत घेतलं.

“तुम्ही व्हा पुढे,” ती म्हणाली, “दिवा मी घालवते.”